‘त्या लोकांसाठी’ फ्रिज: पॅट्रिशिया मूरचं प्रकरण

1970 च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका डिझाइन ऑफिसात फ्रिजवर मीटिंग चालली होती. ऑफिस रेमंड लोवीचं. म्हणजे ज्याने 1930 च्या दशकात सिअर्स या दुकानांच्या कंपनीसाठी कोल्डस्पॉट फ्रिज केला, लकी स्ट्राइक सिगरेटचं पाकीट बदललं, शेल या तेल कंपनीच्या शिंपल्याला आजचं रूप दिलं, नासाच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकातल्या राहण्याच्या जागेवर काम केलं, तो लोवी. त्या मीटिंगमध्ये पॅट्रिशिया मूर नावाची पंचविशीतली डिझायनर बसली होती, त्या ऑफिसात बाई डिझायनर ती एकटीच. तिने विचारलं की दार असं करता येईल का, की ज्यांच्या हातात संधिवात आहे त्यांनाही ते सहज उघडेल. उत्तर आलं की आपण त्या लोकांसाठी डिझाइन करत नाही.

बस, एवढंच घडलं आणि मीटिंग पुढच्या मुद्द्यावर गेली. मूरने हा प्रसंग नंतर किती तरी वेळा सांगितलाय. मला हे प्रकरण पूर्ण उलगडून लिहावंसं वाटलं कारण डिझाइनच्या गप्पांमध्ये ते ‘एका मुलीने म्हातारीचं सोंग घेतलं’ एवढ्यावर संपतं, आणि त्यात तो मूळ प्रश्न, फ्रिजच्या दाराचा, कुठे तरी हरवून जातो. माझ्या मते सगळं त्या दारापासूनच वाचायला हवं.

तर आधी तो प्रश्न. मूरचा जन्म 1952 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा. लहानपण आजी-आजोबांच्या सोबतीत गेलं. आजीचे हात आखडत गेले, आणि हळूहळू तिचं स्वयंपाक करणं सुटलं. हे तिने घरात डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून डिझाइन शिकून ती लोवीच्या ऑफिसात आली, त्यामुळे मीटिंगमध्ये तिने जे विचारलं ते कुठल्या मार्केट रिसर्चमधून आलेलं नव्हतं, एका ओळखीच्या स्वयंपाकघरातून आलं होतं. आता हे वाचून कुणी म्हणेल की मग तो भावनिक प्रश्न झाला, धंद्याचा नाही. मला हे पटत नाही, कारण तांत्रिक बाजूने बघितलं तर तो प्रश्न एकदम नेमका होता.

फ्रिजचं दार उघडायला नक्की काय लागतं बघा. दाराच्या कडेला रबरी गॅस्केट असतं, त्यात चुंबकाची पट्टी, ती दार धरून ठेवते. शिवाय दार उघडलं की खोलीतली गरम हवा आत जाते, दार लावलं की ती थंड होऊन आकसते आणि दार आतून ओढलं जातं, म्हणून तर दार लावल्यावर लगेच परत उघडायला गेलं की जास्त जड लागतं. हा झाला दाराचा जोर. आता हाताकडे या. संधिवातात अंगठ्याच्या मुळाचा सांधा बऱ्याचदा लवकर जातो, आणि चिमटीत धरायची कुठलीही गोष्ट नेमकी त्याच सांध्यावर येते. चिमटीच्या टोकाला 1 किलोचा दाब दिला तर अंगठ्याच्या मुळाशी त्याच्या साधारण 12 पट दाब पडतो. म्हणजे बोटांची टोकं खुपसून ओढायची बारीक खाच केली की संधिवाताच्या माणसासाठी ते दार जवळजवळ बंदच. तेच हँडल असं असेल की त्यात सगळा हात, मनगट किंवा कोपरापर्यंतचा भाग घालून ओढता येईल, आणि ते बिजागरीपासून जितकं लांब तितकं बसवलं असेल, तर दार तेच, गॅस्केट तेच, पण उघडण्याचं काम बोटांकडून निघून खांद्याकडे जातं. खर्च फार वाढत नाही. फक्त आधी कुणी तरी विचारायला लागतं.

आणि हे बघा, फ्रिजच्या दाराला कुणाच्या तरी ताकदीप्रमाणे बदलायची ती पहिली वेळही नसती. जुन्या फ्रिजना बाहेरून खटका असायचा, लहान मुलं खेळताना आत अडकायची आणि गुदमरून जायची. त्यावर अमेरिकेत 1956 मध्ये कायदा झाला, आणि 1958 च्या ऑक्टोबरअखेरनंतर बनणारा प्रत्येक घरगुती फ्रिज आतून उघडता आलाच पाहिजे असं ठरलं. त्यासाठी आतून किती जोर पुरे व्हायला हवा याचा आकडाही ठरला, 15 पौंड. चुंबकी पट्टी घरोघरी पोचली ती त्या काळात. म्हणजे वीस वर्षांपूर्वीच ह्या धंद्याने एका अशक्त शरीरासाठी अख्खं दार बदललं होतं. त्या मुलांना ‘ते लोक’ असं कुणी म्हणालं नव्हतं. मीटिंगमधल्या त्या उत्तरात मला सगळ्यात जास्त हेच खटकतं, की अडचण तंत्राची नव्हतीच, कोण मोजायचं आणि कोण नाही ही होती. आणि त्या ऑफिसचा मालक लोवी, जन्म 1893 चा, स्वतः तेव्हा ऐंशी ओलांडलेला.

आता मूरने काय केलं. ती कोलंबिया विद्यापीठात शिकायला लागली, जेरॉन्टॉलॉजी म्हणजे वृद्धत्वाचा अभ्यास हा तिचा विषय झाला. पण वाचून तिला पुरेना. तिचं म्हणणं असं की एखाद्या सत्तरीच्या बाईला विचारलं की तुम्हाला त्रास होतो का, तर ती म्हणते नाही हो, चाललंय, कारण तिने स्वतःला त्या वस्तूप्रमाणे वळवून घेतलेलं असतं आणि तक्रार करायची तिला लाज वाटते. मग तिला बार्बरा केली भेटली, टीव्हीसाठी मेकअप करणारी. तिने लेटेक्सच्या सुरकुत्या, पांढऱ्या केसांचा विग असं सगळं जमवून दिलं. इथपर्यंत ते वेषांतर झालं. पण मूर पुढे गेली, आणि डिझायनर म्हणून मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तिने कानात बोळे घातले म्हणजे आवाज बोथट व्हावा. नजर धूसर करून घेतली. गुडघ्यांमागे बाल्सा लाकडाच्या हलक्या पट्ट्या बांधल्या म्हणजे पाय पूर्ण वाकू नयेत, अंगाला कापड गुंडाळलं म्हणजे पाठ सरळ होऊ नये, बोटांना टेप लावून वर हातमोजे घातले. चेहरा लोकांसाठी होता. बांधलेले गुडघे आणि बोटं तिच्या स्वतःसाठी होती.

1979 ते 1982, तीन वर्षं ती अशी फिरली. रोज नाही, अधूनमधून, कामाधंद्यातून वेळ काढून. अमेरिकेची 14 राज्यं, कॅनडाचे 2 प्रांत, मिळून 116 शहरं. आणि एकच म्हातारी नाही, तब्येत आणि ऐपत वेगवेगळी असलेल्या कितीतरी, अगदी रस्त्यावर पिशव्या घेऊन राहणाऱ्या बाईपासून ते श्रीमंत घरच्या आजीबाईंपर्यंत. हे तिने फार विचार करून केलंय असं मला वाटतं, कारण एकाच पात्राने फिरली असती तर जे दिसलं ते वयामुळे की गरिबीमुळे हे सांगता आलं नसतं. प्रयोगाला तुलना लागते.

तुलनेचा सगळ्यात स्वच्छ नमुना म्हणजे मॅनहॅटनमधल्या स्टेशनरीच्या दुकानातला. ती म्हातारीच्या रूपात टाइपरायटरची रिबन घ्यायला गेली. काउंटरवरचा माणूस आधी तर लक्षच देईना, मग कुठली रिबन ते तिला पटकन सांगता येईना तर तो वैतागला, पैसे काढताना पर्सचं फास्टनर अडकलं तर नुसता बघत उभा राहिला, मदत नाही की शब्द नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याच दुकानात त्याच कपड्यात गेली, फक्त या वेळी आपल्या खऱ्या चेहऱ्याने. तिने मुद्दाम तसाच घोळ घातला, रिबन कुठली ते आठवत नाही म्हणाली, पर्सशी झटापट केली. तोच माणूस हसून बोलला, थट्टा केली, सगळं गोडीत पार पडलं.

मी हा प्रसंग वाचते तेव्हा दरवेळी त्या पर्सपाशी थांबते. पर्स दोन्ही दिवशी तितकीच हट्टी होती. पहिल्या दिवशी अडकलेली पर्स हा बाईचा दोष ठरला आणि दुसऱ्या दिवशी तीच पर्स एक गोड गडबड ठरली. म्हणजे वाईट डिझाइनची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. तरुण माणसाचं झाकण उघडलं नाही तर आपण झाकणाला शिव्या देतो, म्हाताऱ्या माणसाचं उघडलं नाही तर त्याच्याकडे बघून मान हलवतो. आणि हे त्या माणसालाही कळतं, मग तो त्या दुकानात जाणंच सोडतो. मूरच्या आजीने स्वयंपाक सोडला तसंच. मूर फ्रिजच्या हँडलचं उत्तर शोधायला बाहेर पडली होती आणि तिला हे सापडलं की हँडल आणि लोकांची नजर ह्या दोन वेगळ्या अडचणी नाहीतच.

बाकी शरीराला जे कळलं ते पण मोठं होतं. बसची पायरी. गुडघा न वाकणाऱ्या माणसाला ती पायरी म्हणजे कठडा धरून स्वतःला वर ओढायचं काम, आणि मागे रांग उभी. फिरती दारं. धूसर डोळ्यांना न दिसणारी बारीक अक्षरं. आणि सिग्नल. रस्ता ओलांडायच्या सिग्नलचा वेळ ठरवताना अमेरिकेत माणूस सेकंदाला 4 फूट चालतो असं धरायचे, हा आकडा कमी करून 3.5 फूट व्हायला 2009 साल उजाडलं. हे मूरमुळे झालं असं मी म्हणत नाहीये, पण सांगायचा मुद्दा हा की ‘सर्वसाधारण माणूस’ नावाचा आकडा कुठे तरी तक्त्यात बसलेला असतो आणि ज्याला तो लागू नाही तो भर रस्त्यात अडकतो. हा तक्ता कुणी तरी भरलेला असतो. डिझायनरच भरतो.

या सगळ्यात एक फार वाईट गोष्ट घडली आणि ती गाळून हे प्रकरण सांगणं मला बरोबर वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये म्हातारीच्या वेषात असताना पोरांच्या टोळक्याने तिला मारहाण करून लुटलं. बांधलेल्या पायांनी पळता येईना. त्या जखमांनी तिला पुढे आयुष्यभर त्रास दिला. तिशीच्या आतली, तब्येतीने चांगली बाई, पण त्या संध्याकाळी ती खरंच तितकीच असहाय होती जितकी तिने सोंग घेतलेली बाई असती. यानंतरही तिने काम सोडलं नाही. याला धाडस म्हणावं की हट्ट मला ठरवता येत नाही, मी तिच्या जागी थांबले असते हे मात्र नक्की.

आता याचं पुढे वस्तूंमध्ये काय झालं? इथे लोक ऑक्सो या स्वयंपाकाच्या अवजारांच्या ब्रँडच्या पीलरचं, म्हणजे सालं काढायच्या अवजाराचं, श्रेय सरसकट मूरला देतात, ते जरा नीट सांगायला हवं. सॅम फार्बर म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांच्या धंद्यातून निवृत्त झालेला माणूस, त्याची बायको बेट्सी हिच्या हातात संधिवात. फ्रान्समध्ये सुट्टीवर असताना तिला साधा पीलर धरवेना. बेट्सी स्वतः वास्तुकलेची जाणकार, पीलर कसा हवा यावर तिचे स्वतःचे विचार होते, हे पण बरेचदा गाळलं जातं. फार्बरने न्यूयॉर्कच्या स्मार्ट डिझाइन या फर्मला काम दिलं, आणि वृद्धत्वाच्या बाजूने सल्ला द्यायला ज्यांना विचारलं त्यात पॅट्रिशिया मूर होती. 1990 मध्ये ऑक्सोची पहिली 15 अवजारं गुड ग्रिप्स नावाने बाजारात आली.

त्या हँडलकडे एकदा त्या अंगठ्याच्या सांध्याच्या नजरेने बघा. जाड आहे, त्यामुळे मूठ घट्ट आवळावी लागत नाही. गोल नाही, लंबगोल आहे, म्हणून हातात फिरत नाही आणि फिरू नये म्हणून दाबून धरावं लागत नाही. सॅन्टोप्रीन नावाचं मऊ रबरासारखं मटेरियल, ओलं झालं तरी निसटत नाही. बोट टेकायच्या जागी बारीक लवचिक पट्ट्या, ज्याचं बोट जसं असेल तशा दबतात, आणि बघणाऱ्यालाही न सांगता कळतं की बोट इथे ठेवायचं. चिमटीचं काम काढून पंजाला दिलं, मीटिंगमधल्या फ्रिजला जे हवं होतं नेमकं तेच. आणि पाकिटावर कुठेही ‘संधिवातासाठी’ असं लिहिलं नाही. नेहमीच्या पत्र्याच्या पीलरपेक्षा महाग असूनही लोकांनी तो घेतला, ज्यांचे हात ठणठणीत होते त्यांनीही, कारण ओल्या हातात तो सगळ्यांनाच बरा पडतो. आज तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

त्याच वर्षी, 26 जुलै 1990 ला, अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला, अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट. तेव्हा कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं की देशात 4 कोटी 30 लाख लोकांना काही ना काही अपंगत्व आहे. मीटिंगमधले ‘ते लोक’ मोजले तर एवढे भरले. सार्वजनिक जागेतल्या हँडल, खटके, नळ यांच्यासाठी त्याखालचे नियम म्हणतात की वस्तू एका हाताने चालवता आली पाहिजे, घट्ट पकडणं, चिमटीत धरणं किंवा मनगट पिळणं लागता कामा नये, आणि जोर 5 पौंडांपेक्षा जास्त लागू नये. घरातल्या फ्रिजला हा नियम लागू नाही, पण वाक्यं वाचताना ती मीटिंग आठवतेच. हा कायदा झाला तो मुख्यतः अपंगांच्या स्वतःच्या चळवळीमुळे, व्हीलचेअर सोडून कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, पायऱ्यांवरून सरपटत वर गेलेल्या लोकांमुळे, डिझायनरांमुळे नाही. ‘युनिव्हर्सल डिझाइन’, म्हणजे सगळ्यांना वापरता येईल असं डिझाइन, हा शब्द रूढ केला तो रॉन मेस या वास्तुविशारदाने, जो लहानपणी पोलिओ झाल्यापासून व्हीलचेअर वापरायचा. मूर या सगळ्यातली एक होती. एकटी नव्हती.

तिचं नंतरचं करिअर मी भरभर सांगते. अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये स्वतःची फर्म. हॉस्पिटलांसाठी तिने पुनर्वसनाच्या जागा डिझाइन केल्या, 300 च्या वर. त्यात खोलीच्या आत खरं दुकान, बसची खरी पायरी, फुटपाथची कड असं उभं केलेलं असतं, म्हणजे पक्षाघातातून किंवा अपघातातून उठलेला माणूस घरी जायच्या आधी तिथे सराव करतो. तिच्या तीन वर्षांच्या भटकंतीचा सगळ्यात थेट उपयोग मला इथे दिसतो, पीलरपेक्षाही जास्त, कारण इथे पायरी माणसाला अडवण्याऐवजी शिकवते. 2000 साली एबीसी वाहिनीने नव्या सहस्रकाला आकार देणाऱ्या 50 अमेरिकन लोकांत तिला धरलं, 2019 मध्ये कूपर ह्यूइट या डिझाइन म्युझियमचा नॅशनल डिझाइन अवॉर्ड मिळाला, डिझाइन माइंड या विभागात.

आता प्रकरणातली कच्ची बाजू. तिच्यानंतर असं अनुभवून बघायची पद्धतच पडली. फोर्डने 1990 च्या दशकात गाडीच्या इंजिनिअरांसाठी ‘थर्ड एज’ सूट बनवला, म्हणजे घातला की म्हातारपण अंगावर जाणवेल असा पोशाख, एमआयटी विद्यापीठाच्या एजलॅब या प्रयोगशाळेने अ‍ॅग्नेस नावाचा सूट केला, ज्यात पट्टे, जाड हातमोजे, पिवळट चष्मा, डळमळीत बूट असं सगळं असतं. अपंगत्वाचा अभ्यास करणारे आणि स्वतः अपंग असलेले कितीतरी लोक यावर नाराज आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. सूट घातलेल्या माणसाला फक्त गमावलेलं जाणवतं, पहिल्या अर्ध्या तासाचा गोंधळ आणि घाबरणं. वीस वर्षं तशा हातांबरोबर राहिलेल्या माणसाने ज्या युक्त्या शोधलेल्या असतात त्या सूटमध्ये येत नाहीत. शिवाय सूट काढता येतो. मग डिझायनर दया घेऊन परत येतो, आणि दयेतून झालेल्या वस्तू बऱ्याचदा हॉस्पिटलातल्या कमोडसारख्या दिसतात.

मूरला हा आक्षेप किती लागू होतो? थोडा होतोच. शेवटी तीही रात्री विग काढून तरुण व्हायची, आणि ज्यांच्याशी ती बाकावर बसून गप्पा मारायची त्यांना आपण कुणाशी बोलतोय हे माहीत नव्हतं, आज कुठलीही नैतिकता समिती याला सहजी परवानगी देणार नाही. पण तिचे तीन वर्षांचे वेश आणि आजच्या वर्कशॉपमधला अर्धा तास हे एकच नाही. ती बाकावर बसली तेव्हा शेजारच्या खऱ्या म्हाताऱ्या बायका तिच्याशी त्यांच्यातलीच एक समजून बोलल्या, प्रश्नावली घेऊन आलेल्या डिझायनरला त्या जे सांगत नव्हत्या ते सांगितलं, नातवंडांचं, दुखण्याचं, एकटेपणाचं. ह्या गप्पा सूटमधून मिळत नाहीत. आणि त्यासाठी आज सोंगाचीही गरज नाही, त्या बाईला ऑफिसात बोलवा, मानधन द्या, टेबलावर ड्रॉइंग पसरून तिलाच विचारा.

मी डिझाइनच्या मुलांना हे प्रकरण देते तेव्हा हातमोजे आणि टेप देतेच, पण दहाच मिनिटं. नंतर त्यांना एखाद्या हात दुखणाऱ्या माणसाच्या घरी पाठवते, फक्त तो फ्रिज कसा उघडतो ते बघून यायला. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं परत जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ, एक साधी गोष्ट सुचवतात, ती काही घरांत लोकांनी आपली आपणच केलेली असते: फ्रिजच्या हँडलमधून एक टॉवेल किंवा पट्टा ओवून त्याचा फास बांधायचा, त्यात मनगटाच्या वरपर्यंत हात घालायचा आणि अंगाचा भार मागे टाकायचा, की दार उघडतं. बोटं लागत नाहीत. मुलं त्याचा फोटो काढून आणतात, आणि आम्ही वर्गात तो लोवीच्या कोल्डस्पॉटच्या फोटोशेजारी भिंतीवर लावतो.